चार्जरवरची बाई

बारा एप्रिल. कुरडयांसाठी भिजवलेला गहू आज वाटायचा आहे. तीन दिवस पाणी बदलून दाणा असा झालाय, की चिमटीत दाबला तर दुधाचा थेंब बाहेर येतो. घरभर आंबूस वास आहे. आमची पिठाची गिरणी आहे, पण ओला गहू गिरणीत घालत नाहीत, त्यामुळं वर्षातून या एका दिवशी मी इतर बायांसारखीच घरच्या मिक्सरला चिकटून उभी असते. वाटायचं, फडक्यातून पिळायचं, चोथा एकीकडं, चीक एकीकडं. चीक पातेल्यात रात्रभर बसतो. सकाळी वरचं निवळ पाणी ओतून द्यायचं, आधण ठेवायचं आणि चीक शिजवायला घ्यायचा.

इथपर्यंतचं काम एकटीनं होतं. पुढचं होत नाही. उकळत्या पाण्यात एकीनं चीक धारेनं सोडायचा आणि त्याच वेळी दुसरीनं लाकडी दांड्यानं तो जोर लावून हाटायचा. हात जरा थांबला की गाठी झाल्या, आणि गाठी झालेला चीक साच्यातून उतरत नाही. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून माझा चीक शोभानं हाटलाय आणि तिचा मी. उद्या कोण हाटणार, ते अजून ठरलेलं नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून चार्जर दिसतो. बदनापूरच्या अलीकडं आमच्या गावाचा फाटा आहे. फाट्यावर आमची गिरणी, गिरणीमागं घर, आणि गिरणीला लागून शोभाची जागा. त्या जागेत मोठ्या फ्रीजएवढा पांढरा डबा उभा आहे. आत्ता त्याच्यापुढं एक निळी गाडी लागलीय. काचा बंद, आतला माणूस सीट मागं टाकून मोबाईल बघतोय. डब्यातला पंखा सुरू झाला, की उन्हातून एक घूं असा आवाज येत राहतो. मिक्सर बंद केला की तोच ऐकू येतो.

गेल्या उन्हाळ्यात हा आवाज मला आवडायचा.

शोभाचा मुलगा अमोल संभाजीनगरला कंपनीत होता. तिथली नोकरी सोडून तो गेल्या वर्षी गावी आला आणि फाट्यावर चार्जर टाकतो म्हणाला. आम्हा दोघींना त्यानं गिरणीतल्या पोत्यांवर बसवलं आणि मोबाईलवर नकाशा दाखवला. नकाशाभर हिरवे ठिपके होते. एकेक ठिपका म्हणजे गाडी चार्ज करायची जागा.

"हे बघा मावशी, हा चीन. ठिपके मोजता येत न्हाईत. हे थायलंड, हे व्हिएतनाम. सगळ्या आशियात हेच चालू हाय. आन् हे आपलं संभाजीनगर, हे जालना. मधी बघा, मोकळंच. इथं आपण."

"म्हंजी आपला फाटा थायलंडच्या रांगेत?" मी विचारलं.

"बिलकुल."

"हिला दाखवू नको रे नकाशा," शोभा म्हणाली. "हसनाबादच्या शाळेत हिनं नकाशात लंका वर काढली होती. गुरुजी म्हणले, हनुमानाला जल्दी पोचायचं व्हतं का?"

हसनाबादच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. आधी तिचं लग्न झालं, मग माझं. योगायोगानं एकाच गावात पडलो. माहेरचं माणूस गावात असणं काय असतं, हे दिलेल्या बाईलाच कळतं. सासूशी बिनसलं तर मी तिच्याकडं जायचे, तिचं बिनसलं तर ती गिरणीत येऊन बसायची. गिरणीच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही.

चार्जरला वेगळी लाईन लागते. लाईन म्हणजे वीज, आमच्याकडं तिला लाईनच म्हणतात. त्या लाईनीसाठी डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, बसवायचा होता. शोभाच्या जागेत तो बसवला तर गाड्यांना वळायला जागा उरत नव्हती. शोभा एका दुपारी आली आणि गिरणीच्या कोपऱ्याकडं बोट करून म्हणाली, "हितं बसवू का ग?" मी म्हणाले, बसव. तीच पुढं म्हणाली, "आमची लाईन आली की तुझी गिरणी बी त्याच्यावरच. शेवयाच्या दिवसांत लाईन गेली म्हणून बाया परत जायच्या न्हाईत."

आमच्या ह्यांनी रात्री जेवताना विचारलं, काही लिहून घ्यायचं का. मी म्हणाले, शोभाकडून?

आमच्या भागात वारंगुळा म्हणून एक पद्धत आहे. आज मी तुझ्या रानात खुरपायला येते, उद्या तू माझ्या. कापूस वेचायला, पापड लाटायला, घर सारवायला, सगळ्याला चालतो. त्यात रोज नसतो, म्हणजे मजुरी नसते. कोण किती वेळ राबलं, हे कुणी बघत नाही. बघायचं एकच, की आलेली बाई घरची म्हणून आली आणि घरची म्हणून जेवली. वारंगुळा फेडतात, चुकता करत नाहीत. फेडला की दुसरा सुरू होतो. बाहेरच्या माणसाला हे अडाणी वाटेल. पण आमच्या गावात बायांनी जे काही उभं केलंय ते यावरच.

चार्जर सुरू झाला त्या दिवशी गावातली मंडळी जमली. नारळ फुटला. शोभाच्या सासूनं डब्याला हळदीकुंकू वाहिलं. डब्यातून निघालेल्या जाड वायरीच्या टोकाला बंदुकीसारखी मूठ असते, ती गाडीला लावायची. अमोल तिला गन म्हणतो. त्या गनच्या तोंडात बारीक भोकं असतात. म्हातारीला वाटलं देवाला नाक, डोळे असतात तसंच हे. तिनं ओलं कुंकू बोटानं आत भरलं. एकेका भोकात, बराबर. पहिली गाडी लागली आणि मशीननं लाल दिवा लावला. संभाजीनगरहून इंजिनिअर येईपर्यंत पहिलं गिऱ्हाईक माझ्या घरी जेवून झोपलं होतं. इंजिनिअरनं गन उघडून आत पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे?" म्हातारी म्हणाली, "सौभाग्य हाय बाबा, पुसू नको." आम्ही दोघी गिरणीत पळालो आणि पोत्याला टेकून हसत सुटलो. शोभाला हसताना उचकी लागते. तशी लागली.

तिथून उन्हाळा सुरू झाला. अमोलला दुसरीकडंही दोन ठिकाणी कामं होती, तो दिवसभर फिरतीवर. शोभाचं घर गावात, फाट्यापासून आत. मी मात्र सकाळपासून तिथंच. त्यामुळं गाडी आली की माणूस साहजिक माझ्याकडं यायचा. मी शिकले. काही अवघड नाही त्यात. गन नीट बसली नाही तर मशीन रुसतं. कुणाच्या कोपराचा धक्का लागून लाल बटण दाबलं गेलं तर ते फिरवून वर काढायचं. मोबाईलला रेंज मिळाली नाही तर माणसाला कडुनिंबाखाली उभं करायचं, तिथं मिळते. पाण्याचा रांजण मी आतून उचलून बाहेर ठेवला. गाडीतल्या बाया उतरल्या की पहिल्यांदा इकडंतिकडं बघतात. त्या काय शोधतात, ते कळायला मोबाईल लागत नाही. त्यांना मी घरामागं न्यायचे.

पेट्रोल भरायला आलेला माणूस उतरतसुद्धा नाही. बिजलीच्या गाडीवाल्याला थांबावंच लागतं, तासभर तरी. आणि आमच्याकडं त्या दिवसांत तासभर बघायला पुष्कळ असतं. गिरणीसमोर शेवयांचं मशीन चालू, दोऱ्यांवर शेवया लोंबताहेत, बाजेवर पापड, पत्र्यावर लाल मिरची. पुण्याच्या एका बाईनं पायातले बूट काढले आणि आमच्यात बसून पापड लाटले. तिचे पापड कोणत्याही देशाच्या नकाशासारखे येत होते. किराणा दुकानवाल्या कांचनभाभी, ज्यांचं घराणं राजस्थानातून येऊन इथं पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलंय आणि पापडाच्या बाबतीत ज्या कुणाला सोडत नाहीत, त्या तिला म्हणाल्या, "ताई, गाडी तुम्हीच चालवता ना? मंग लाटणं पण तसंच सरळ चालवा की." ती बाई जाताना शोभाच्या गळ्यात पडली, मग माझ्या.

एक व्यापारी गृहस्थ यायचे. कामानिमित्त चीन, थायलंड करून आलेले. खाटेवर बसून सांगायचे, तिकडं हमरस्त्यावर अशा मशीनची रांगच असते. शेजारी दुकानं, हॉटेलं, झोपायला खोल्या. "सगळं मशीनच सांगतं. विचारायला माणूस नसतो मावशी तिकडं."

"मंग कुंकू कोण काढतं?" शोभानं विचारलं.

संध्याकाळी शोभा फाट्यावर यायची. दिवसभर किती गाड्या आल्या ते मी सांगायचे, कोण कसं होतं ते सांगायचे. ती म्हणायची, "तुझ्यामुळं चाललंय बाई हे." मी म्हणायचे, गप बस. ते दिवस मी काही कर्तव्य म्हणून काढले नाहीत. मला मजा येत होती. पन्नाशी जवळ आल्यावर बाईला नवं काही शिकायला मिळतं कुठं?

मेमध्ये एकदा भर दुपारी लाईन गेली. शेवयांसाठी आलेल्या बाया रव्याची पातेली घेऊन बसलेल्या. गिरणी बंद, मशीन बंद, पंखा बंद. आणि माझ्याच कोपऱ्यातल्या डीपीवर चार्जर मात्र घूं करत चालू. एका बाईनं विचारलं, "वहिनी, तुमच्याच दारात हाय न् तुम्हालाच न्हाई?" मी अमोलला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, नियमात बसत न्हाई. ती लाईन फक्त चार्जरला. मी विचारलंय सगळीकडं."

मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. नियम नियम असतो. शोभानं जे कबूल केलं होतं ते तिला माहीत नसताना केलं होतं. बाया परत गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या. शेवया काय, एका दिवसानं मरत नाहीत. हे मी मुद्दाम लिहितेय. लाईन मिळाली नाही म्हणून माझं मन फिरलं, असं गावात बोललं जातं. ते खरं नाही.

मे संपता संपता अमोलच्या चार्जरवाल्या कंपनीचे मोठे साहेब बघायला आले. सोबत कॅमेरेवाला. अमोलनं आदल्या दिवशी सांगितलं होतं, म्हणून मी सकाळीच कैऱ्या उकडून पन्हं केलं. शोभा जरीची साडी नेसून आली होती. साहेबांना खुर्च्या टाकल्या. मी आतून पन्ह्याचे ग्लास ट्रेमध्ये घेऊन निघाले. दारातच होते, तेव्हा साहेबांनी विचारलं, "इतक्या आडबाजूला एवढा चांगला चालतो, लोक नाव घेतात तुमच्या जागेचं. इथं असतं कोण दिवसभर?"

शोभा म्हणाली, "बाई ठेवलीय ना आम्ही."

मी समोर आले. तिनं मला पाहिलं. मला वाटलं आता उचकी लागेपर्यंत हसेल, म्हणेल, अहो ही माझी मैत्रीण, हिचीच गिरणी. ती साहेबांकडं वळली आणि म्हणाली, "ही काय. लई इमानदार हाय."

साहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली. "छान काम करता बाई." कॅमेरेवाल्यानं मला चार्जरशेजारी उभं केलं. ट्रे हातातच होता. शोभा म्हणाली, "ट्रे ठेव न् पदर नीट घे ग."

मी पदर नीट घेतला.

आमच्याकडं "बाई ठेवली" याचा एकच अर्थ होतो. धुणंभांड्याला ठेवतात, शेण काढायला ठेवतात. त्या कामाला मी हलकं म्हणत नाही. माझ्या आईनं लोकांच्या रानात रोजानं केलंय. पण ज्या बाईला ठेवतात तिला तसं सांगून ठेवतात. मला ठेवल्याचं मला माहीत नव्हतं. आख्खा उन्हाळा मी घरची म्हणून राबले आणि तिच्या हिशेबी मी कामावर होते. मग मी तिला जे वाटेतलं, घरातलं, गाड्यांतलं सांगत होते, ते ती काय म्हणून ऐकत होती? दिवसभराचा अहवाल?

संध्याकाळी ती गिरणीत आली. मी विचारलं.

"अगं, कंपनीला माणूस दाखवावा लागतो," ती म्हणाली. "मशीनपाशी आमचा माणूस असतो म्हणून अमोलनं आधीच सांगून ठेवलेलं."

"मंग मैत्रीण म्हणून सांगायचं."

"मैत्रीण फुकट करते म्हणलं तर त्यांना खरं वाटलं असतं का? तू बी ना. नुसतं बोलायचं व्हतं. तुला काय फरक पडतो?"

हेच मला नंतर वर्षभर पुरलं. ती चुकून बोलली असती, घाबरून बोलली असती, तर मी एका दिवसात विसरले असते. पण तिनं विचार करून सांगितलं होतं, आणि तो विचार अगदी बराबर होता. मोठ्या साहेबासमोर वारंगुळा सांगता येत नाही. तिथं एक ठेवणारा लागतो आणि एक ठेवलेली. दोघींपैकी कोण काय व्हायचं, हे तिनं मला न विचारता ठरवलं, एवढंच.

मी बोलणं बंद केलं नाही. गावात बोलणं बंद करणं ही चैन आहे. हळदीकुंकवाला गेले, तिच्या सासूच्या आजारपणात डबा दिला, अमोलच्या साखरपुड्यात जेवणाच्या पंगतीत वाढलं. फक्त चार्जरकडं जायचं थांबवलं. गाडी आली आणि माणूस विचारायला आला, की फोन नंबर लिहिलेल्या पाटीकडं बोट दाखवायचे. आठवड्याभरात अमोलनं ओळखलं. त्यानं वर कॅमेरा लावला, पत्र्याचं छप्पर केलं. आता मशीनच बोलतं, हिंदीत. गन नीट लावा म्हणतं. थायलंडसारखं. बायांना मात्र मी अजून घरामागं नेते. त्यात त्यांचा काय दोष?

मधल्या काळात ठिपके वाढले. जालन्याकडं जाताना दोन हॉटेलांनी चार्जर टाकले, बदनापुरात एक आला. लोकांना आता थांबायला एसी मिळतो, कॉफी मिळते. आमच्या फाट्यावर थांबतो तो घाईचा माणूस. काच खाली करत नाही. या वर्षीसुद्धा दोऱ्यांवर शेवया आहेत, बाजेवर पापड आहेत. बघायला कुणी उतरत नाही. शोभा परवा म्हणाली, "धंदा बसला ग. गेल्या साली कसं चाललं व्हतं." मी म्हणाले, "हो, चाललं व्हतं." आणि दळण तोलायला घेतलं.

तिला खरंच कळलं नाही, की कळूनही कळत नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिनं माझ्याशी वाईट वागायचं म्हणून काही केलेलं नाही. ती अजून तशीच येते, तशीच बसते, तसेच टोमणे मारते. बदललंय ते माझ्यात. ती काही काम सांगते तेव्हा मला आता तिच्या आवाजात मालकीण ऐकू येते. पूर्वी नुसती शोभा ऐकू यायची. एवढं सोपं वाक्य, "ये ग जरा," आणि माझे कान टवकारतात. इतक्या वर्षांचं माहेरचं माणूस एका वाक्यानं माझ्याकडून काढून घेतलं आणि घेणारीला त्याचा पत्ता नाही.

तर, उद्या चीक. ह्यांनी आत्ता येऊन विचारलं, "शोभाला सांगितलंस का?"

"न्हाई."

"मंग? मी हाटू का?"

"तुमच्यानं चहातली साखर हाटत न्हाई."

ते हसत गेले. मी पातेल्यावर ताट झाकलं.

पुढचं तेरा तारखेला लिहितेय. पहाटे उठून मी वस्तीवरच्या द्वारकाबाईंकडं गेले. शोभा सोडून दुसरं कुणी माझ्या चुलीपाशी कधी आलं नव्हतं. त्यांना स्पष्ट विचारलं, रोजानं येता का, कुरडया घालायच्यात, रोज इतका इतका देईन, जेवण वेगळं. त्या म्हणाल्या, येते की. आल्या. गच्चीवर मांडलेल्या चुलीवर मी ओतलं, त्यांनी हाटलं. हाताला जोर चांगला आहे त्यांच्या. एकही गाठ झाली नाही. उन्हं कोवळी होती तोवर निम्मी गच्ची भरली.

तेवढ्यात जिन्यावरून शोभाचा आवाज आला. "अगं, निरोप तरी द्यायचा! मला कांचनभाभीकडनं कळालं." पदर खोचलेलाच होता तिनं. सरळ चुलीकडं निघाली, आणि द्वारकाबाईंना तिथं बघून थांबली.

मी उठले. खालून खुर्ची आणली, सावलीला टाकली. तिला पाणी दिलं. चहा केला, तो कपबशीत घालून ट्रेमधून दिला, सोबत बिस्किटं. ती बसली. काय करावं ते तिला सुचेना. पदर तसाच खोचलेला. गरम चिकाची एक वाटी, तूप-साखर घालून, मी तिच्या हातात दिली. पाहुण्यांना देतात तशी. द्वारकाबाई आणि मी कुरडया घालत राहिलो.

अर्ध्या वाटीनंतर ती म्हणाली, "निघू मी?"

मी हात धुतले, हळदीकुंकवाचा करंडा आणला आणि तिला कुंकू लावलं. जिन्यापर्यंत सोडायला गेले.

"बरं वाटलं आलात ते," मी म्हणाले. "या परत."

दोन पायऱ्या उतरून ती वळली. आम्ही एका बाकावर बसत होतो तेव्हापासून मी तिला कधी "या" म्हटलं नव्हतं. तिनं खोचलेला पदर काढला, नीट घेतला, आणि उतरून गेली.